तुम्ही विचारलंत म्हणून: सहा टीम फिरलेला खेळाडू कच्चा असतो का?

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघू लागलेले लोक हमखास विचारतात: हा डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाच्या पहिल्या फळीतला धिप्पाड गडी) आठ वर्षांत सहा टीम फिरलाय, म्हणजे कच्चाच असणार ना? उलट. कच्च्याला दुसरी टीमसुद्धा मिळत नाही.

एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, मोसमाआधी टीमकडे ९० जण असतात, ऑगस्टअखेर ५३ उरतात. बहुतेक जागा आधीच ठरलेल्या. झोंबाझोंबी शेवटच्या काही जागांची. तिथे अनुभव महाग पडतो. २०२४ मध्ये नवख्याचा किमान पगार ७,९५,००० डॉलर होता, सात मोसम काढलेल्याचा १२,१०,०००. म्हणून नियमात पळवाट ठेवलीय: जुन्या गड्याला किमान पगारावर घेतलं, तर पगारमर्यादेच्या (टीमला एकूण पगारावर घातलेल्या कमाल मर्यादेच्या) हिशेबात तो त्या वर्षी ९,८५,०००चाच धरला जायचा.

चार मोसम पुरे न झालेल्याला काढलं की तो वेव्हरवर (काढलेल्यांच्या यादीवर) जातो आणि दुसरी कुठलीही टीम त्याला करारासकट उचलू शकते. जुना गडी मात्र नोव्हेंबरातल्या ट्रेडच्या (टीमांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) मुदतीपर्यंत थेट मोकळा होतो. मग टीम पोरं राखते, त्याला तोंडी भरवशावर सोडते आणि कुणाला जखमींच्या यादीत टाकून जागा झाली की परत बोलावते. आणखी एक खोच आहे. पहिल्या सामन्याला तो ५३ मध्ये असला, तर पुढे काढल्यावरही उरलेल्या मोसमाचा पगार मागू शकतो (हा हक्क कारकिर्दीत एकदाच). म्हणून काही जणांचा करार नेमका पहिला सामना उरकल्यावर होतो.

हे विंचवाचं बिऱ्हाड झालं, पण खरी परीक्षा मैदानावर. एका टीममध्ये तो गार्डच्या (समोरच्या आक्रमक फळीतल्या आतल्या गड्याच्या) बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहतो, काम एकाच फटीचं, म्हणजे दोन गड्यांमधल्या मोकळ्या जागेचं: चेंडू हलला की आत घुसायचं. दुसरीकडे त्यालाच ऑफेन्सिव्ह टॅकलच्या (त्याच फळीतल्या गार्डच्या बाहेरच्या गड्याच्या) नाकासमोर उभं करून दोन्ही बाजूंच्या फटी राखायला सांगतात. इथे पहिलं पाऊल आखूड, तळवे समोरच्याच्या छातीवर, कोपरं आत, हात ताठ. चेंडू कुठे जातोय ते बघायचं आणि मगच समोरच्याला झटकायचं. सवयीने हा आतल्या फटीत घुसला, तर समोरचा त्याला तसाच आत रेटत नेतो, बाहेरची फट सताड उघडी पडते आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) तिथून निसटतो. टीव्हीवर दोष बाहेरच्या लाइनबॅकरचा (पहिल्या फळीच्या मागच्या किंवा कडेच्या बचावपटूचा) वाटतो. सोमवारी फिल्म लागली की कोचला खरा चोर सापडतो.

लाइनबॅकर आणि सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) पंट-किकऑफवर, म्हणजे चेंडू लांब लाथाडला जातो तेव्हा, धावून जागा टिकवतात. १४० किलोच्या लाइनमनला ते जमत नाही. त्याने निदान दोन जागांवर खेळायला शिकावं. सामन्याला जास्तीत जास्त ४८ जणच उतरतात, तेव्हा एकच जागा येणारा राखीव आधी गळतो.

लाइनबॅकर जेम्स हॅरिसनचं उदाहरण मला देऊ नका. पिट्सबर्ग स्टीलर्स या टीमने त्याला वारंवार काढलं, २००४ मध्ये दुसरा लाइनबॅकर जखमी झाला म्हणून परत घेतलं आणि २००८ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. तो अपवाद. बाकीच्यांच्या वाट्याला प्रॅक्टिस स्क्वॉड (५३ बाहेरचा सरावापुरता संघ) येतो: १६ जागा, पगार आठवड्याच्या बोलीवर, मोसमात तीनदा सामन्यापुरतं वर घेता येतं. चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये करार द्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी दुसऱ्या कुणाला तरी काढावं लागतं.