काँक्रीट संपतं तिथेच खड्डा का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी रस्त्यांचा इंजिनिअर. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असतानाच विचारलं, "काय हो, ठाण्यात घोडबंदर रोडला काँक्रीट संपून डांबर लागतं, नेमका तिथेच खड्डा कसा?" पाठोपाठ ते ठरलेलं हसू. पैसे खाल्ले असणार! खात असतील. मी नाही खाल्ले, आणि खड्डा तरी पडलाच.

काँक्रीट ताठ, चाकाचं ओझं लांबवर पसरवतं. डांबर लवतं, ओझं खालच्या खडीवर टाकतं. त्यामुळे सांध्यापाशी डांबराची कड आधी बसते, मग प्रत्येक चाक तिथे आपटतं. फटीतून पाणी उतरतं, खालचा थर भिजतो, कंटेनर गेला की गाळ पिचकारीसारखा वर येतो. म्हणून शेवटचा स्लॅब एकदम तोडायचा नसतो. तो खाली उतरवत काही मीटर डांबराखाली न्यायचा आणि वरच्या डांबराची जाडी हळूहळू वाढवायची. डॉक्टरसाहेब, तुमचंही सिमेंट दाताच्या कडेलाच सुटतं ना?

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ड्रॉइंगमध्ये तो स्लॅब होता. पण मे संपत आलेला, काँक्रीटला पाणी मारायला चौदा दिवस कुठून आणायचे? सुपरवायझर म्हणाला, "साहेब, आत्ता डांबर भिडवून टाकू, दिवाळीनंतर बघू." मी मान डोलावली. सही माझीच.

जुलैत रात्री फोन आला. स्कूटरवरून एक काकू पडल्या होत्या, मनगट मोडलेलं. मी पोचलो तेव्हा त्यांना रिक्षातून नेलं होतं. चप्पल तेवढी पाण्यात तरंगत होती. सांध्यावरच्या खड्ड्याला टेप लावला, खोली अडीच इंच. त्यात आम्हीच आठवड्यापूर्वी पेव्हर ब्लॉक भरले होते, ते उखडून आडवे पडलेले. त्यांचा मुलगा चप्पल न्यायला परत आला. मला म्हणाला, "कुणी बनवलाय हो हा रस्ता?" मी म्हणालो, "चौकशी करतो."

रस्ता पावसात बंद ठेवला असता तर शाळेच्या बस कुठून गेल्या असत्या? हे मी स्वतःला बरेच दिवस ऐकवलं. अजूनही ते अगदीच खोटं वाटत नाही. आणि स्लॅब टाकला असता तरी उद्या पाइपलाइनसाठी कुणीतरी तिथेच खोदलं असतं, असंही मी म्हणतो.

बायको म्हणते, "त्या जुलैत तर कुणी खोदलं नव्हतं ना?"