दवाखान्यातल्या मारहाणीचा तपास : माझा अनुभव

सिव्हिलमध्ये डॉक्टरला किंवा सिस्टरला मारहाण झाल्याचा फोन पोलीस ठाण्यात आला की तपास अधिकारी म्हणून माझं पहिलं सांगणं एकच असतं, फरशी पुसू नका. वॉर्ड थांबत नाही, दुसरा पेशंट दारात असतो. काचा, रक्ताचे डाग, वाकलेला सलाईनचा स्टँड बघता बघता आवरला जातो. तेवढा कोपरा चादर बांधून अडवला, व्हिडिओ काढला, तरी पंचनाम्याला पुरतं. पंच दवाखान्याबाहेरचे घेतो.

जखमी डॉक्टर स्वतःच पट्टी बांधून परत कामाला लागतात आणि जखम कागदावर येतच नाही. म्हणून एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची जखमेची वैद्यकीय नोंद, आधी, तीही भांडणात नसलेल्या डॉक्टरकडून. मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरचा डोळा कायमचा गेला. डोक्याचा, डोळ्याचा मार ‘किरकोळ’ लिहायला माझा हात धजत नाही.

दवाखान्यातल्या हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा 2010 चा कायदा सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांना लागतो. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. 3 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड. नर्सिंगच्या विद्यार्थिनीही त्यात येतात, त्यांची नावं फिर्यादीतून गळू देऊ नयेत. भारतीय न्याय संहितेची 132 आणि 121 ही कलमं (कामापासून रोखायला केलेला हल्ला आणि दुखापत) मात्र लोकसेवकासाठीच, म्हणजे सरकारी नोकरासाठीच. त्यामुळे नेमणुकीचा आदेश आणि त्या दिवसाचा ड्युटीचा तक्ता लगेच ताब्यात घेतो. तोडफोडीची भरपाई उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट मागता येते, पण बिल आणि डेडस्टॉक रजिस्टरचा (सामानाच्या नोंदवहीचा) उतारा जोडला तरच.

सर्वांत जास्त घोळ सीसीटीव्हीत होतो. लाईट गेली आणि डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) सेल मेलेला असला की घड्याळ भलतीच वेळ दाखवतं. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची खरी वेळ मी एकाच फोटोत घेतो आणि फरक पंचनाम्यात लिहितो. डिस्क भरली की जुनं चित्रण पुसलं जातं, त्यामुळे जप्ती त्याच दिवशी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदलली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) हवं. व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप पुरावा म्हणून चालवत बसू नये. ज्यानं काढली त्याचा मूळ फोन शोधावा. आरोपीचा फोटोही व्हायरल होऊ देऊ नये, नाहीतर ओळख परेड वाया जाते.

शिवीगाळ अहिराणीत झाली असेल तर जबाबात अहिराणीच ठेवतो. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरी बोलणारा साक्षीदार असेल तर दुभाषा बसवतो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक सर्वांत तटस्थ साक्षीदार, पण डिस्चार्ज मिळाला की गेले. केसपेपरवर नुसतं गावाचं नाव असतं. पाडा, तालुका, मोबाईल विचारून घ्यावा लागतो.

पेशंट दगावला असेल तर नातेवाइकांची हलगर्जीची तक्रार मी वेगळी घेतो, नीट ऐकून घेतो. तिला तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय लागतो, सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा जेकब मॅथ्यू निकाल तसंच सांगतो. दोन्ही कागद एकात मिसळले की दोन्हीकडचा न्याय अडतो.

निवासी डॉक्टर 3 वर्षांत शिकून निघून जातात, खटला त्यानंतर उभा राहतो. त्यांचा होस्टेलचा पत्ता समन्सला निरुपयोगी. गावाकडचा कायमचा पत्ता आणि आईवडिलांचा नंबर जबाबाच्या वेळीच घ्यावा.