सहा फुटांचा रस्ता

अमेरिकेतल्या माँटानात १८९०च्या सुमाराच्या बाजारपेठेचा सेट बांधून तयार होता. दिग्दर्शक मायकेल चिमिनोनं पाहिला आणि म्हणाला, रस्ता अरुंद झालाय, सहा फूट वाढवा. मग एकच बाजू सहा फूट मागे घेऊ, असं बांधकामवाल्यानं सुचवलं. छे! दोन्ही बाजू पाडायच्या आणि तीन-तीन फूट सरकवायच्या. ‘हेवन्स गेट’ या चित्रपटाचा हा किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की आता घरचे ‘तीन-तीन फूट’ म्हणत उठूनच जातात.

‘द डिअर हंटर’ला पाच ऑस्कर मिळालेल्या माणसाला कोण अडवणार? सव्वा कोटीच्या आतलं बजेट चार कोटी डॉलरच्या वर गेलं. नोव्हेंबर १९८०मध्ये साडेतीन तासांहून मोठा चित्रपट लागला आणि आठवड्याभरात उतरवावा लागला. पुढच्याच वर्षी तो काढणारी कंपनी, युनायटेड आर्टिस्ट्स, विकली गेली.

गंमत म्हणजे चित्रपट जमिनीच्याच भांडणाचा. वायोमिंगचे बडे गुरांचे मालक सरकारी कुरणं आपलीच समजत. १८६२च्या कायद्यानं १६० एकर मिळालेला कुणी तिथं कुंपण घालू लागला की तो गुरंचोर! १८९२च्या एप्रिलमध्ये त्यांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकबाज आणले. चिमिनोनं इतिहासाची मोडतोड बिनधास्त केलीय. त्याचा नायक जिम अॅव्हरिल हार्वर्डचा पदवीधर. खऱ्या अॅव्हरेलला तर १८८९मध्येच, एला वॉटसन या बाईसोबत, गुरांच्या मालकांनीच फासावर लटकवलं होतं.

तरी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावतो. लाकडी हॉलमध्ये अख्खं गाव चाकांच्या बुटांवर घसरत नाचतंय, फिडल वाजवणारा पोरगाही चाकांवरच. पैसा कुठं गेला ते तिथं दिसतं, आणि मला तरी तो वाया गेलासा वाटत नाही.

त्याहून आवडते ती त्यातल्या नेट चॅम्पियन या पात्राची झोपडी. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली, आपण फडताळात अंथरतो तशीच. एवढ्यावर घर सजलं म्हणून स्वारी खूश! पुढे हीच झोपडी पेटते.

खरा चॅम्पियन १८९२च्या ९ एप्रिलला त्या भाडोत्री बंदूकबाजांकडून असाच वेढला गेला होता. गोळ्या चुकवत तो वहीत लिहीत राहिला: सोबत्याला गोळी लागलीय, फार एकटं वाटतंय. शेवटी घर पेटल्याचं लिहिलं, मित्रांचा निरोप घेतला, खाली सही केली. त्याच नोंदीत मध्येच एक वाक्य आहे: अजून रात्र झालेली नाही.