बिडी सोडण्यासाठी मी कोणते साधन निवडले

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावात रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीला निघणाऱ्या माणसाच्या खिशात बॅटरीसोबत बिडीचा कट्टा असतोच, आणि मीही एकोणीस वर्षे तसाच निघत होतो. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने माझा खोकला ऐकला आणि म्हणाला, "मामा, बिडी सोडा आणि व्हेप घ्या. नवख्यांसाठी साधे, स्वस्त यंत्र मिळते, मी आणून देतो."

त्याची कळकळ खरी होती. व्हेप म्हणजेच ई-सिगारेट; या यंत्रात तंबाखू जळत नाही, निकोटिनचा द्रव तापून त्याची वाफ होते, त्यामुळे बिडीच्या धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात येत नाहीत. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा प्रौढांना धूम्रपान सोडण्यासाठी त्याचा उपयोग सुचवते, हेही खरे आहे. परंतु आपल्या देशात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे जे मिळेल ते चोरीछुपे मिळणार, आणि त्या द्रवात काय मिसळले आहे हे सांगणारा कोणीही नसणार. मी भाच्याला नाही म्हटले.

मग तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दिवसाला किती बिड्या ओढता हा नव्हता, तर उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने पेटवता हा होता. अर्ध्या तासाच्या आत पेटवत असल्यास 4 मिलिग्रॅमची निकोटिनची चघळण्याची गोळी (च्युइंगम), त्यानंतर असल्यास 2 मिलिग्रॅमची, असा हिशेब त्यांनी समजावला. माझी पहिली बिडी चुलीवर चहा उकळत असतानाच पेटत असे, म्हणून मला 4 ची चिठ्ठी मिळाली. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

गोळी बिडीपेक्षा महाग पडते, आणि म्हणूनच ती वाया जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. पहिल्या दिवशी मी ती पानठेल्यावरच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यासारखी भराभर चावली. घशात आग झाली, उचक्या लागल्या, मळमळले आणि तलफ तशीच राहिली. चूक माझ्या चावण्यात होती. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जायला हवे, पोटात गेलेले फारसे कामी येत नाही. त्यामुळे गोळी अगदी सावकाश चावायची, चुरचुर किंवा तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, चुरचुर ओसरली की पुन्हा थोडी चावून दुसऱ्या गालात ठेवायची, असे साधारण अर्धा तास चालते. गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असेपर्यंत चहा किंवा लिंबूपाणी घ्यायचे नाही, कारण आंबटपणामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. चहा आणि बिडी ही जोडी ज्यांच्या हाडामासात मुरली आहे, त्यांना हाच नियम सर्वांत जड जातो.

एक धोका आमच्या भागाचा खास आहे. बिडी सोडली म्हणून कौतुक होते आणि त्याच आठवड्यात माणूस खर्रा चघळू लागतो, जणू धूर नाही म्हणजे तंबाखू नाही. माझ्या दोन सोबत्यांचे असेच झाले आणि त्याचे मला फार वाईट वाटते. त्यांना मी 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी, विनाशुल्क क्रमांक लिहून दिला आहे. एकाने फोन केला.

गोळ्यांचा क्रम साधारण बारा आठवड्यांचा असतो आणि त्यात संख्या हळूहळू उतरवायची असते. माझा सध्या अकरावा आठवडा सुरू आहे. दिवसाला दहा गोळ्यांवरून मी दोनवर आलो असून, त्यातली एक हरभऱ्याच्या जागलीला निघताना खिशात ठेवतो.