पाथर्डी फाट्याच्या बागेत डिस्क गोल्फ

नाशिकला पाहुणा आला की रामकुंड, काळाराम मंदिर, सोमेश्वरचा धबधबा आणि शेवटी मिसळ हा कार्यक्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो, आणि पुण्याहून बहिणीकडे वरचेवर येताना मीही तो निमूटपणे पार पाडत आले आहे. या हिवाळ्यात मात्र भाच्याने आदल्या रात्रीच बजावले, "मावशी, उद्या सकाळी बूट घालून तयार राहा, डिस्क गोल्फ खेळायचंय." चेंडू आणि काठीऐवजी तबकडी फेकून, कमीत कमी फेकींत ठरलेले लक्ष्य गाठायचे, असा हा खेळ. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात अल्टिमेट फ्रिस्बीचा, म्हणजे दोन संघांत तबकडी झेलत-फेकत खेळायच्या खेळाचा, नाद लागलेल्या या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या वसाहतीच्या बागेत दर रविवारी सकाळपुरता नऊ होलांचा कोर्स मांडायला सुरुवात केली आहे. ज्या शहरातल्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात, त्या शहरात गोल्फ बागेत खेळला जावा, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

निफाडकडून येणारा गारठा अंगात भरला होता आणि पांडवलेण्यांच्या डोंगरावर अजून ऊन पोचायचे होते. बाग फार मोठी नाही. कडेने चालण्याची फरसबंद वाट, मधे हिरवळीचे दोन तुकडे, गुलमोहर, कडुलिंब आणि अशोकाची झाडे, एका कोपऱ्यात घसरगुंडी. भाचा पिशवीतून फक्की काढून जमिनीवर हातभर लांबीच्या रेषा मारत होता. प्रत्येक रेष म्हणजे एका होलाची टी, म्हणजे पहिली डिस्क फेकण्याची जागा. होल म्हणायचे, पण खड्डा कुठेच नाही. आठ ठिकाणी झाडाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर भगव्या कापडाची पट्टी बांधलेली होती आणि तिच्या खाली बुंध्याला डिस्क लागली की होल पूर्ण. खरी साखळ्यांची बास्केट एकच, तीही घडीची, आणि तिचा मान नवव्या होलाला.

ही काटकसर मला खेळाच्या मूळ स्वभावाला धरूनच वाटली. आधुनिक फ्रिस्बीची रचना करणाऱ्या एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला, तेव्हा तिथेही लक्ष्य म्हणून नुसते खांबच होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून होणारे वाद मिटावेत म्हणून साखळ्या आणि खाली जाळीची टोपली असा खांब पुढे आला, आणि त्याचे पेटंट हेड्रिक यांना 1977 मध्ये मिळाले. आमच्याकडे तो वाद तिसऱ्याच होलावर झाला. पट्टी हलली एवढे सगळ्यांनी पाहिले, पण वाऱ्याने की डिस्कने, यावर एकमत होईना. शेवटी वयाचा मान राखून निकाल माझ्या बाजूने देण्यात आला.

नवख्या माणसाला या खेळात पहिली अडचण येते ती डिस्क निवडताना. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर उडवलेली तबकडी आणि ही डिस्क यांत बराच फरक आहे. अल्टिमेटची डिस्क 175 ग्रॅमची, मोठी आणि बोथट काठाची असते. गोल्फची डिस्क साधारण 21 सेंटिमीटर व्यासाची, आटोपशीर, आणि ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या प्रकारात तर तिचा काठ इतका निमुळता असतो की हातात घेतल्यावर ती झेलण्यासाठी नाही हे लगेच कळते. भाच्याच्या मित्राने मोठ्या कौतुकाने एक लालभडक ड्रायव्हर पुढे केला, तेव्हा भाच्याने तो परत त्याच्याच पिशवीत टाकला आणि माझ्या हातात जाडसर काठाचा पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, दिली. त्याचे म्हणणे बरोबर होते. ड्रायव्हरला सरळ उडण्यासाठी जो वेग लागतो तो नवशिक्याच्या हातात नसतो, त्यामुळे उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क थोडे अंतर जाते न जाते तोच झपकन डावीकडे कोसळते. पटरही वेग ओसरल्यावर डावीकडेच झुकतो, पण सावकाश आणि अंदाज बांधता येईल इतपत.

फेकण्याचे तंत्र सांगायला सोपे आहे. लक्ष्याकडे उजवा खांदा करून उभे राहायचे, डिस्क छातीसमोरून सरळ रेषेत मागे न्यायची आणि तशीच पुढे ओढून मनगटाने फिरकी द्यायची. डिस्क हवेत स्थिर राहते ती या फिरकीमुळे. जोर लावण्याच्या नादात खांदा वर उचलला गेला की डिस्कचे नाक वर होते, ती हवेत चढते आणि जागच्या जागी धपकन खाली येते. इथे टीपासून लक्ष्यापर्यंतची अंतरे लांबलचक असती तर सगळेच जोर लावत बसले असते. सगळी अंतरे चाळीस-पन्नास मीटरच्या आत ठेवल्यामुळे हलक्या हाताने नेमकी फेकलेली डिस्क दांडगाईने फेकलेल्या डिस्कच्या पुढे राहत होती, आणि माझ्या मते नवख्यांचा कोर्स असाच असला पाहिजे. तीन फेकींत होल पूर्ण झाला की पार, म्हणजे ठरलेल्या फेकींत; दोनांत, म्हणजे एक फेक वाचवून, बर्डी. पहिल्याच सकाळी पार दिसू लागला की माणूस पुन्हा येतो.

बाग मात्र आमच्या एकट्याची नव्हती. फरसबंद वाटेवरून कानटोप्या घातलेले आजोबा फेऱ्या मारत होते, आणि समोर माणूस असताना फेकायचे नाही हा नियम मुलांनी इतका काटेकोर पाळला की चौथ्या होलावर आम्ही बराच वेळ डिस्क हातात धरून उभे होतो. "टाका हो, आम्ही बघतो," असे एक आजोबा म्हणाले, तरी भाचा "काका, आधी तुम्ही पुढे व्हा," म्हणत अडून राहिला. मग तेच आजोबा फेरी सोडून आमच्याबरोबर चालू लागले आणि पुढच्या होलावर त्यांनी फेकलेली डिस्क थेट गुलमोहराच्या बेचक्यात जाऊन बसली. झाडात अडकलेल्या डिस्कसाठी दंड लावायचा की नाही हे कोर्स मांडणारे आधी ठरवतात; इथे दंड नव्हता, म्हणून आजोबांनी बरोबर तिच्या खालून पुढची फेक घेतली. डिस्क मात्र माळीकाकांनी झाडूला बांबू बांधून काढून दिली.

नवव्या होलावर साखळ्यांचा आवाज प्रथमच ऐकला. बास्केटपासून दहा मीटरच्या आत आल्यावर फेकून झाल्यानंतर तोल सावरून उभे राहावे लागते, धावत पुढे जाता येत नाही, आणि याच टप्प्यावर सगळ्यांचे धाबे दणाणते. साखळ्यांच्या मध्यभागी, दांड्याच्या किंचित उजवीकडे लागलेली डिस्क त्यांत अडकून खालच्या टोपलीत पडते. कडेला लागलेली मात्र खणखणाट करून बाहेर घरंगळते. माझी पहिली बाहेर आली, दुसरी आत राहिली.

मिसळ खाताना पुढच्या रविवारची आखणी झाली. सहाव्या होलाच्या अशोकाखाली आता योगासनांचा महिलावर्ग बसू लागला आहे, तेव्हा ते लक्ष्य घसरगुंडीपासून दूर, पाण्याच्या टाकीजवळच्या कडुलिंबावर न्यावे असे मी सुचवले. भाच्याला ते पटले, फक्त तिथून टी फरसबंद वाटेच्या अलीकडे ठेवावी लागेल, म्हणजे अंतर आणखी कमी होईल, अशी त्याची तक्रार होती.