तुम्ही विचारलंत म्हणून: टाकून द्यायच्या रक्तात काय शोधता?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा लिहूनच टाकते. शिबिराचे आयोजक विचारतात, आमच्या रक्तपेढीतले अकाउंटवाले विचारतात, सख्खा दीर दर दिवाळीला विचारतो. बॅग हेपटायटिस बी पॉझिटिव्ह आली, ती टाकूनच देणार, मग त्यातल्या व्हायरसचा जीनोटाइप, म्हणजे उपप्रकार, काढत कशाला बसता? आणि त्याच्या मागोमाग दुसरा येतोच, प्रकार कळला म्हणजे कुणाकडून आला तेही कळत असेल ना?

पहिल्याचं उत्तर मला पाठ आहे. रक्तपेढीत बॅगा तपासायला वापरतात ते एलायझाचं किट व्हायरसच्या अंगावरचं एक प्रोटीन पकडतं, एचबीएसएजी, आणि त्यातल्या अँटीबॉडी मुख्यतः त्या प्रोटीनच्या एका छोट्या पट्ट्याला चिकटतात, १२४ ते १४७ नंबरच्या अमिनो ॲसिडचा. हा व्हायरस स्वतःची नक्कल काढताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही, म्हणून तो पट्टाही बदलत राहतो. १४५ नंबरवर ग्लायसिन जाऊन आर्जिनिन आलं की काही किटांना तो नीट दिसत नाही, लसीलाही चुकवू शकतो. सापडलेल्या बॅगांत कुठे काय बदललंय हे बघितलं नाही तर न सापडणाऱ्यांचा अंदाज कशावरून बांधायचा? एलायझात निगेटिव्ह आणि नॅटमध्ये, म्हणजे थेट व्हायरसचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत, तो सापडला, अशाही बॅगा निघतात, आणि नॅट आपल्याकडे सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. म्हणजे हे काम हौस नाही, उद्या कुणाच्या तरी हाताला लागणाऱ्या सुईशी त्याचा थेट संबंध आहे.

यावर मला पुण्याच्या एनआयव्हीचं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचं, २००३ चं काम ऐकवतात, की पश्चिम भारतात डी आणि ए हेच मुख्य प्रकार, आणि आजार किती वाढेल याच्याशी प्रकाराचा संबंध दिसला नाही. मान्य. औषधाचंही तेच आहे, इंटरफेरॉन द्यायचे तेव्हा ए वाल्यांना डी वाल्यांपेक्षा जास्त लागू पडायचं, आता टेनोफोविर सगळ्यांना सारखंच चालतं आणि सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतं. समोरच्या पेशंटला प्रकार कळून आज फारसा फायदा नाही, हे मी कधीच नाकारलं नाही. पण रक्तपेढीत बसून मी एका पेशंटचा विचार करत नसते. निदान तेव्हा तरी असं म्हणायचे.

दुसऱ्या प्रश्नापायी मात्र माझी झोप उडालेली आहे.

गणपतीतल्या एका शिबिरात एका तरुण दात्याची बॅग पॉझिटिव्ह आली. ट्रॅक्टर चालवणारा, घरी शेती, लग्नाला दोन वर्षं झालेली, रक्त द्यायची ती पहिलीच वेळ. आम्ही बोलावलं, समुपदेशन झालं, बायकोला तपासायला आणा म्हणून सांगितलं. तीही पॉझिटिव्ह. सहा महिन्यांनी परत तपासलं, दोघंही तसेच. तोपर्यंत घरात जे व्हायचं ते झालेलं होतं. घरच्यांचं म्हणणं, सून आजार घेऊन आली, मुलगा तर कधी साधा तापाने आडवा पडला नव्हता.

एक दिवस तिघं आले, तो, ती आणि सासूबाई. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही व्हायरसची जात काढता म्हणे. आमच्या दोघांची काढा, काय ते एकदा मिटू दे." मी अभ्यासासाठी नमुने घेतच होते, फॉर्म होते, दोघांनी सह्या केल्या. तिची सही करताना पेन दोनदा अडखळलं ते मी बघितलं होतं आणि तरी फॉर्म पुढे सरकवला. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात होतं की वेगळे प्रकार निघतील, त्याचा डी, हिचा ए, आणि ही सुटेल. मी तिला सोडवणार होते.

स्क्रीनवर सिक्वेन्स, म्हणजे व्हायरसच्या डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, बघताना चार रंगांचे डोंगर सरकत जातात, हिरवा, निळा, काळा, लाल. त्याचा बघितला, डी. तिचा उघडला आणि पहिल्या काही ओळींतच कळलं. डी.

आता यातून काय कळलं? काही नाही. आपल्याकडे डी सगळ्यात जास्त सापडतो. दोघंही मराठी बोलतात म्हणून ती भावंडं आहेत असं कुणी म्हणतं का? व्हायरसच्या पूर्ण जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत, साधारण ३२०० अक्षरं असतात, ८ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर वेगळा जीनोटाइप, म्हणजे एकाच डीच्या पोटात शेकडो अक्षरांचा फरक मावतो. आणि मी काढला होता एस जीनचा, म्हणजे ते एचबीएसएजी प्रोटीन बनवणाऱ्या भागाचा, फक्त एक तुकडा. प्रकार वेगळे निघाले असते तर "यांच्याकडून त्यांना नाही" एवढं बऱ्यापैकी म्हणता आलं असतं, सारखे निघाल्यावर काहीच म्हणता येत नाही. हे मला आधी माहीत होतं. तपासायच्या आधी सांगितलं नाही, ही चूक माझी.

मी रिपोर्ट समजावून सांगत होते आणि सासूबाईंनी "सारखाच" एवढा एकच शब्द उचलला. म्हणाल्या, "बघा, लागला की नाही हिचाच?" मी म्हटलं, "मावशी, तसं नसतं." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने रिपोर्टची चौघडी करून रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या पिशवीत ठेवला आणि उठताना मला विचारलं, "ताई, मग माझाच का?" मी म्हटलं, "नाही, असं सिद्ध होत नाही." सिद्ध होत नाही! त्या बाईला मी प्रयोगशाळेतलं वाक्य दिलं.

जे सांगायला हवं होतं ते सांगायला सिक्वेन्स लागतच नव्हता. हा व्हायरस मोठेपणी लागला तर १०० पैकी ९५ जणांचं शरीर त्याला बाहेर टाकतं. जन्मताना आईकडून लागला तर १०० पैकी ९० बाळांत तो कायमचा राहतो. दोघांच्याही अंगात सहा महिने उलटून टिकून आहे, म्हणजे बहुतेक दोघांनाही आपापल्या घरी, अगदी लहानपणी मिळालेला, एकमेकांकडून नव्हे. दोघंही लस सरकारी यादीत यायच्या आधी जन्मलेले. पण हे बोलायचं तर समोर बसलेल्या सासूबाईंना म्हणावं लागलं असतं की मावशी, तुमचंही रक्त तपासू या. ते मी म्हटलं नाही. भीती वाटली. एक बाई सोडवताना दुसरी अडकवते की काय असं वाटलं, कारण सासूबाईंच्या रक्तात तो निघाला तर त्यांनाही बहुतेक त्यांच्या आईकडूनच आलेला असणार, त्यांचा काय दोष. नंतर फोनवर त्याला सुचवलं, त्याने आईला विचारलं की नाही माहीत नाही, त्या काही आल्या नाहीत.

तेव्हाची मी म्हणते, माहिती मागितली ती दिली, लोकांनी तिचं काय केलं त्याला मी काय करू. आजची मी म्हणते, देणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या कानाचा अंदाज असायला पाहिजे. मग तेव्हाची विचारते, मग काय लपवायचं? त्यांचा रिपोर्ट, त्यांचा हक्क. याला माझ्याकडे उत्तर नाही. आता फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की या तपासणीतून कुणाकडून लागण झाली हे कळत नाही, आणि मी तेवढं मोठ्याने वाचून दाखवते. तरी दहातले सात जण शेवटी तेच विचारतात.

ती तीन वर्षं माहेरी आहे. दोघांच्या ट्यूबा उणे ८० च्या फ्रीजरमध्ये, एकाच खोक्यात, शेजारी शेजारी. पूर्ण जीनोम करायला या वर्षी पैसे मिळालेत, बाकीच्यांचे लावायला घेतलेत. या दोन लावायच्या तर परत सह्या घ्याव्या लागतील. दोघांचे व्हायरस वंशवृक्षाच्या दोन लांबच्या फांद्यांवर निघाले तर तिला फोन करायचाय, पण तसे निघाले नाहीत तर काय बोलायचं ते ठरत नाही, म्हणून अजून तो फोन केलेला नाही.