निळ्या खोडाचा गोल्डनरॉड: तिसरा सप्टेंबर

न्यू जर्सीतल्या आमच्या परसात ओकच्या सावलीत अखेर सॉलिडॅगो सीझिया, म्हणजे पिवळ्या फुलांचा निळ्या खोडाचा गोल्डनरॉड, फुलला. तीन रोपं, सगळ्यात उंच जेमतेम अडीच फूट.

आधी बियांचं. पहिल्या वर्षी मी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मेथी पेरावी तशा मातीखाली दाबल्या. काहीच उगवलं नाही. यांना थंडी खावी लागते. पुढच्या डिसेंबरात बी मातीवर नुसतं भुरभुरवलं आणि कुंडी बर्फात बाहेरच ठेवली. एप्रिलमध्ये रोपं वर आली. त्या वर्षी नुसती पानं, फुलं आत्ता.

फुलं येईपर्यंत धाकधूक होती, कारण रस्त्याकडेचा कॅनडा गोल्डनरॉडही लहानपणी असाच दिसतो. आता शंका नाही. त्याचा फुलोरा शेंड्याला, पिसाऱ्यासारखा. याची फुलं प्रत्येक पानाच्या बेचक्यात, झुबक्याझुबक्याने, वाकलेल्या खोडावर शेवटपर्यंत. वेणी माळल्यासारखं दिसतं. खोड जांभळट, त्यावर द्राक्षावर असते तशी पांढरट भुकटी. बोट फिरवलं की पुसली जाते. या निळसर-करड्या झाकेवरूनच वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये 'सीझिया' नाव दिलं. पानं एकाआड एक, भाल्यासारखी, बिनदेठाची.

एक स्तबक भिंगाखाली धरलं: कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी चार किरणपुष्पकं, मधे नळीसारखी सहा बिंबपुष्पकं. म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो ते दहा फुलांचं संमेलन. कासच्या सोनकीची ही दूरची बहीणच, दोघी सूर्यफूल कुळातल्या.

शेजारी शिंकतात आणि संशयाने माझ्या वाफ्याकडे बघतात. गोल्डनरॉडचे परागकण जड, चिकट. ते मधमाश्यांच्या अंगाला चिकटून जातात, वाऱ्यावर उडत नाहीत. शिंका येतात त्या याच दिवसांत फुलणाऱ्या रॅगवीड नावाच्या तणामुळे. त्याची फुलं हिरवट, कुणाच्या नजरेत न भरणारी, म्हणून आळ नेहमी पिवळ्यावर.

लहान बागेसाठी मी हाच सुचवेन. कॅनडावाला जमिनीखालच्या आडव्या खोडांनी वाफाच्या वाफा गिळतो. हा आपल्या जागी गड्डा करून बसतो, शिवाय अर्धी सावली चालते. माझ्याकडे एक रोप उन्हात आहे, त्याची पानं ऑगस्टमध्ये करपली. पाऊस संपला की तेही ओकखाली हलवतो.

सुकलेली फुलं यंदा कापणार नाही. पांढरे केस फुटले की बी गोळा करतो, डिसेंबरची कुंडी तयार आहे.